ब्रेडीचा ‘ड्यूक’ गोव्याच्या हवेत

टॉम ब्रेडी या नामवंत खेळाडूचे सामने बघून अमेरिकन फुटबॉलकडे वळलेली मुलं पहिल्यांदा मागतात तो विल्सन कंपनीचा ‘द ड्यूक’ चेंडू. एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने याच चेंडूने होतात. मिरामारच्या वाळूवर फेकायला हवा असेल तर हा घेऊ नका. गवताचं मैदान असेल आणि पाऊस सरला असेल, तर मात्र याच्यासारखा हाताला बसणारा दुसरा चेंडू नाही.

ओहायोतल्या एडा गावच्या कारखान्यात गाईच्या चामड्याचे चार तुकडे उलटे शिवतात, मग पिशवीसारखे सुलटे करून आत ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, भरतात. वजन ३९७ ते ४२५ ग्रॅम. वर पांढऱ्या दोरीचे आठ आडवे टाके. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं, सगळं काम या टाक्यांवर. अनामिका आणि करंगळी टाक्यांवर, तर्जनी टोकाकडे शिवणीपाशी, अंगठा खालून. तळवा आणि चामडं यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. तळवा पूर्ण चिकटला की चेंडू फिरकी न घेता डुगडुगत जातो.

नवा चेंडू मेणचट आणि निसरडा असतो. साबणाने धुवायचा मोह इथेच होतो, आणि चामडं कडक होतं ते त्यानेच. घोड्याच्या केसांच्या ब्रशने भरभर घासा, किंचित ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा घासा. दाणे वर येऊन रंग गडद झाला की पकड बसली समजा. क्वार्टरबॅकला हे किती मोलाचं वाटतं बघा: पाहुण्या संघालाही आपले तयार केलेले चेंडू वापरता यावेत म्हणून ब्रेडी आणि दुसरा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यांनी नियम बदलायचा आग्रह धरला आणि २००६ मध्ये तो बदलला.

हवा १२.५ ते १३.५ पीएसआय (दाबाचं एकक). ब्रेडीला खालची मर्यादा आवडायची. १८ जानेवारी २०१५ रोजी कोल्ट्स संघाविरुद्धच्या सामन्यात ब्रेडीच्या पेट्रियट्स संघाच्या चेंडूंचा दाब मध्यंतराला मोजला, तो त्याहूनही कमी निघाला. मुद्दाम हवा काढल्याचा आरोप ब्रेडीने नाकारला, तरी बंदीमुळे २०१६ मध्ये चार सामने बाहेर बसला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ३-२८ अशा पिछाडीवरून त्याने ३४-२८ असा विजय काढला. २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत) १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा माणूस २३ हंगाम खेळून सात सुपर बोल जिंकून थांबला.

थंडीत दाब उतरतोच. २४ अंशांच्या खोलीत १२.५ भरलेला चेंडू ९ अंशांवर ११ च्या आसपास येतो. गोव्यात उलटा त्रास. एसीच्या खोलीत १३ भरून चेंडू उन्हात उभ्या गाडीत ठेवलात आणि आत ५५ अंश झाले, की दाब १६ च्या घरात जातो. शिवणी ताणतात, आकार फुगीर होतो. हवा मैदानावर सावलीत भरा, सुईवाला गेज वापरा. साध्या फुटबॉलच्या पंपाची सुई चालते, पण ग्लिसरीनचा थेंब लावून सरळ घाला. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते.

पावसाळ्यात चामडं पाणी पितं, चेंडू जड होतो, मग बुरशी धरते. भिजला तर पंख्याखाली सावलीत वाळवा, उन्हात मुळीच नको, तडे जातात. जूनपासून सुती उशीच्या खोळीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

किनाऱ्यासाठी कॉम्पोझिटचा, म्हणजे कृत्रिम चामड्याचा चेंडू घ्या. पकड थोडी उणी, पण खारं पाणी सहन करतो. खेळून झालं की गोड्या पाण्याने पुसा, टाक्यांत अडकलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. लहान मुलांना मोठ्या मापाचा देऊ नका. ९ ते १२ वर्षांना ज्युनियर, १२ ते १४ ला यूथ. मोठा चेंडू बोटांत मावत नाही, मग मूल तो तळव्याने ढकलायला शिकतं आणि ती खोड सोडवायला फार वेळ लागतो.