गोगलगायींसाठी कॉपर टेप : कुंड्यांना घ्या, जमिनीला नको (बेलापूर, घरात कुत्रा आणि मांजर)

दोन इंच रुंद कॉपर टेप, म्हणजे गोगलगायी वर चढू नयेत म्हणून कुंडीभोवती गुंडाळायची तांब्याची चिकटपट्टी, दहा मीटरचा रोल, ऑनलाइन साधारण सातशेला पडला. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापला ते नीट लिहिते, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे एकतर 'एकदम मस्त' नाहीतर 'पैसे पाण्यात' असेच होते, आणि आपल्याकडच्या पावसात आपल्याकडच्या त्या मोठ्या शंखी गोगलगायींवर ही टेप चालते का हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली ती बैठी घरं. दाराशी मातीचं अंगण आहे, नवी मुंबईत ही चैनच आहे खरं तर, पण जूनमध्ये दोन-तीन मोठे पाऊस झाले की त्याच मातीतून गोगलगायी वर येतात. उन्हाळाभर त्या कवचाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून पडून असतात आणि ओल लागली की बाहेर. ही मोठी तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय मूळची आपली नाहीच, पूर्व आफ्रिकेतली आहे, १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणून एका बागेत सोडली आणि तिथून पसरत गेली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोन भेटल्या की झालंच, एका वेळी शंभर-दोनशे अंडी मातीत घालते. माझं अळू, झेंडूची रोपं, मिरचीची कोवळी पानं सगळं रात्रीत जायचं.

आता घरात बंड्या आहे, देशी कुत्रा, जमिनीवर पडलेली कुठलीही गोष्ट आधी तोंडात घालून बघतो, आणि चिंगी मांजर जी रोज कुंड्यांमधूनच फिरते. म्हणून औषध नकोच होतं. नर्सरीत गोगलगाय म्हटलं की पहिल्यांदा मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारायच्या विषाच्या गोळ्याच पुढे करतात. कृपा करून घरात प्राणी असेल तर त्या घेऊ नका. गोगलगायींना ओढून घ्यायला त्यात खाण्याचा माल मिसळलेला असतो, मग कुत्र्यालाही ते खाणंच वाटतं, पोटात गेलं की थरथर, झटके, अंग भयंकर तापणं, आणि त्यावर उतारा असं औषध नाही, डॉक्टर फक्त लक्षणं आवरू शकतात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्या गोळ्या बागेत वापरायला बंदी आहे. आपल्याकडे मिळतात, मी कुणाला घेऊ देत नाही, शेजारच्या काकूंनाही बसून समजावून सांगितलं.

तर टेप. तांबं आणि गोगलगायीचा चिकट स्राव यांची काहीतरी रासायनिक क्रिया होते, तिला ते सहन होत नाही आणि ती मागे फिरते असं सांगतात. विष नाही, वास नाही, कुत्र्याने चाटली तरी काही होत नाही, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. रात्री टॉर्च घेऊन बसले तेव्हा मोठ्या गोगलगायी टेपपाशी आल्या, शिंगं आत घेतली, कडेकडेने जरा फिरल्या आणि उतरून गेल्या, सगळ्या नाही पण बऱ्याचशा. प्लास्टिकच्या आणि ग्लेझ केलेल्या कुंड्यांवर टेप छान बसते. ओट्यावरच्या मिरच्या आणि तुळस या वर्षी पूर्ण पावसाळा टिकली, ते मी टेपच्याच खात्यात टाकते.

पण मातीच्या कुंडीला टेप धरत नाही. कुंडी पाणी शोषते, गोंद सुटतो, पहिल्या जोरदार सरीनंतर लोंबायला लागते. सिमेंटच्या कुंड्यांचंही तेच. पुसून, उन्हात वाळवून, मे महिन्यातच लावलीत तर जरा टिकते, जुलैत ओल्या कुंडीला लावायला जाऊच नका. टेपच्या दोन्ही टोकांमध्ये फट राहिली तर त्या फटीतून बरोबर आत जातात, म्हणून टोकं एकावर एक घ्यायची. आणि एखादं पान जरी बाहेर लोंबून जमिनीला टेकलं तरी तोच पूल होतो, मग टेप लावून न लावून सारखंच. हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. रुंदीत कंजुषी करू नका, अर्ध्या इंचाची पट्टी स्वस्त मिळते पण ही गोगलगाय एवढी मोठी असते की अंग उचलून तिच्या पलीकडे पाय टाकते. काही दिवसांनी तांबं काळपट हिरवं पडतं, तेव्हा फडक्यावर व्हिनेगर घेऊन पुसायचं.

कडा धारदार असतात हेही सांगायला हवं. लावल्यावर चमच्याच्या पाठीने सगळीकडून दाबून घ्या, मांजर असेल तर विशेष, चिंगी त्या कुंड्यांना अंग घासते. आणि माल आल्यावर एका टोकाला ब्लेडने ओरखडा मारून बघा, आतून चंदेरी निघालं तर ते तांबं नाही, रंगवलेलं ॲल्युमिनियम आहे, परत पाठवा. माझा रोल खरा निघाला.

जमिनीतल्या वाफ्यांसाठी मात्र टेपचा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत. विटांच्या कडेला चिकटवली तरी गोगलगायी आतल्या मातीतच असतात, अंडी तिथेच फुटतात, तुम्ही त्यांना बाहेर नाही तर आत कोंडता. २०१८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या रोपांवर कॉपर टेप, अंड्याची टरफलं, खडी, झाडाच्या सालीचा थर, लोकरीच्या गोळ्या असं सगळं करून बघितलं होतं आणि कशानेच नुकसान कमी झालं नाही असं त्यांचं म्हणणं आलं. माझ्या ओट्यावरच्या कुंड्यांचा अनुभव त्याहून बरा आहे, वाफ्यांचा अगदी तसाच आहे. शिवाय बिनकवचाच्या त्या शेंबी गोगलगायी टेप ओलांडताना मी स्वतः बघितल्यात. म्हणून दीड स्टार गेला.

वाफ्यांसाठी जे खरंच चाललं ते फुकटातलं आहे आणि लातूरच्या मामाने सांगितलं. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी खाऊन टाकली होती, लोकांनी दुबार पेरणी केली, तेव्हा मामा रोज पहाटे शेतात वेचायला जायचा. तो म्हणाला, "अगं टेपबिप ठेव बाजूला, गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजव आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाक, सकाळी उचल, सगळ्या खाली बसलेल्या असतात." आणि खरंच बसलेल्या असतात! पहिल्या आठवड्यात बादलीचा तळ झाकेल इतक्या निघाल्या, मग कमी कमी होत गेल्या. हातमोजे घालूनच उचला, या गोगलगायींमध्ये उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या कृमीच्या अळ्या असू शकतात, माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, कुत्र्याने गोगलगाय खाल्ली तर त्यालाही धोका, म्हणून अंगणातली पालेभाजी मी आता पान पान चोळून धुते. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या पाण्यात टाकायच्या, बादलीला झाकण हवंच, आणि मग खड्ड्यात पुरायच्या. भिंतीपलीकडे फेकू नका, दुसऱ्या रात्री परत येतात, नाहीतर शेजाऱ्याकडे जातात.

लोक 'नैसर्गिक' म्हणून अजून बरंच काही सुचवतात, त्यातलं सगळंच प्राण्यांना चालत नाही. तंबाखूचं पाणी, कॉफीचा चोथा, दोन्ही कुत्र्याला विषारी. बिअर भरलेली वाटी कुत्रा स्वतःच पिऊन टाकेल. चुन्याची रेघ शेतात ठीक आहे, घरात पंजे भाजतात. मीठ टाकलंत तर गोगलगाय मरेल आणि मातीही खराब होईल. एरंडी पेंड तर आणूच नका, त्यात रायसिन नावाचं जहाल विष असतं आणि कुत्र्यांना तिचा वास भयंकर आवडतो, खत म्हणून सर्रास देतात पण सांगत कुणीच नाही. डायटोमेशियस अर्थची पावडर (सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची बारीक पूड) कोरड्यातच चालते, आपल्या जुलैत ती कोरडी राहणार कुठे.

पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायला लागले, रात्री माती वरून सुकलेली असली की त्यांचा वावर कमी होतो (पावसाळ्यातल्या उघडिपीत तरी फरक दिसतो). नर्सरीतून रोप आणलं की पिशवी फाडून मातीचा गोळा उलटापालटा करून बघते, साबुदाण्याएवढी पिवळसर अंडी दिसली तर रोप परत. आणि अंगणात भारद्वाज येतो, लाल डोळ्यांचा, तो या गोगलगायी फोडून खातो. विषाच्या गोळ्या टाकल्या असत्या तर विष खाल्लेल्या गोगलगायी त्याच्याही पोटात गेल्या असत्या, मला हे फार वाटतं, त्याला हाकलू नका.

तर कुणी घ्यावी? बाल्कनी, ओटा, गच्ची, जिथे कुंड्या जमिनीपासून वेगळ्या आहेत आणि घरात प्राणी आहे, त्यांनी दोन इंचीच घ्या, एक रोल मध्यम आकाराच्या दहा-अकरा कुंड्यांना पुरतो. ग्राउंड फ्लोअरवाले, रो हाउसवाले, अंगणवाले यांनी सातशे रुपये वाचवा आणि वाण्याकडून अर्धा किलो गूळ आणि दोन रिकामी गोणपाटं आणा, प्लास्टिकची नको, तागाचीच, प्लास्टिकमध्ये पाणी धरत नाही.