आयर्लंडच्या बेटांवरची गाइडसोबतची पायी सहल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. चालणं सोपं, हवा लहरी, जेवण ठीकठाक, आणि सगळे पैसे गाइडचे. गाइड चांगला असेल तर सहल सोन्यासारखी; नसेल तर हीच बेटं स्वतः बोटीचं तिकीट काढून कितीतरी स्वस्तात बघता येतात.

गेल्या जूनमध्ये मी आणि ताई गेलो होतो. मी मँचेस्टरला राहते, ताई नाशिकहून आली होती. आठवड्याच्या सहलीत इनिशबोफिन, क्लेअर आयलंड आणि शेवटी आरान बेटांपैकी इनिश मोर. पैशांत गाइड, राहणं, न्याहारी आणि बोटी धरलेल्या. दुपारचं आणि बहुतेक रात्रींचं जेवण आपलं आपण. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर इनिश मोरवरच्या डून एंगस या प्राचीन किल्ल्याबद्दल पानभर लिहिलं असतं. कड्याच्या टोकावर अर्धवर्तुळाकार दगडी तटबंदी आणि पलीकडे थेट अटलांटिक, फोटो झकास येतात. आज मागे वळून बघते तर त्या किल्ल्याचं फोटोंपलीकडे काही उरलेलं नाही. दिवसाच्या पाहुण्यांची गर्दी, घोडागाड्या, भाड्याच्या सायकली. तिथे गाइड असला काय नि नसला काय, सारखंच.

उरलं आहे ते इनिशबोफिन. क्लेगन नावाच्या छोट्या बंदरातून अर्ध्या तासाची बोट. बंदराच्या तोंडाशी इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या काळातला, 1650 च्या दशकातला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे. पकडलेल्या कॅथलिक पाद्र्यांना तिथे डांबून ठेवत. ओहोटी असेल तेव्हाच तिथवर चालत जाता येतं, त्यामुळे आमचा दिवसाचा कार्यक्रम घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालायचा. बेटावर आज दोनशेहून कमी माणसं राहतात.

गाइड साठीच्या पुढचे, मुख्य भूमीवरचेच. बोलायची घाई नाही. पहिल्या दिवशी चर्चच्या पडक्या भिंतींपाशी उभं राहून त्यांनी सेंट कोलमन या आयरिश बिशपची गोष्ट सांगितली. ईस्टर कोणत्या तारखेला पाळायचा यावरून 664 मध्ये इंग्लंडात व्हिटबीला धर्मसभा झाली, कोलमनचा पक्ष हरला, तेव्हा तो आयरिश आणि सुमारे तीस इंग्लिश भिक्षू घेऊन या बेटावर आला. पुढे काय झालं ते बीड या इंग्लिश भिक्षूनं लिहून ठेवलंय: उन्हाळ्यात, ऐन सुगीच्या दिवसांत, आयरिश मंडळी भटकायला निघून जायची आणि हिवाळ्यात परत येऊन इंग्लिशांनी साठवलेलं खायची. आयत्या बिळावर नागोबा! भांडणं इतकी झाली की कोलमनला इंग्लिश भिक्षूंसाठी मुख्य भूमीवर मेयोला वेगळा मठ काढून द्यावा लागला. आता ही बीडची, म्हणजे इंग्लिश बाजू, हे गाइडनी लगेच सांगून टाकलं. त्या भिंती कोलमनच्या नाहीत, कित्येक शतकांनंतरच्या आहेत, हेही. माझ्यासारख्या दगड दिसला की सातवं शतक समजणाऱ्या बाईला याची गरज होती.

बेटाच्या पश्चिमेकडची फेरी सुमारे 8 किलोमीटरची. चढ जेमतेम. सह्याद्रीत दोन-चार ट्रेक केलेल्या कोणालाही पायांचा त्रास होणार नाही. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि पायाखालच्या दलदलीचा. पश्चिम टोकावरून समोर इनिशार्क दिसतं. घरांच्या उघड्या भिंती, छपरं नाहीत. तिथे धड धक्का नव्हता, हवा बिघडली की होडी लावताच येत नसे, डॉक्टरपासून किराण्यापर्यंत सगळं अडकून पडे. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं शेवटच्या कुटुंबांना मुख्य भूमीवर हलवलं. गाइडनी तिथे लांबलचक भाषण दिलं नाही. कुठे वस्ती होती आणि होड्या कुठे ओढून ठेवत एवढं बोटानं दाखवलं, आणि मग 1927 च्या 28 ऑक्टोबरच्या रात्रीबद्दल सांगितलं. छोट्या होड्यांतून मासेमारीला गेलेले या किनारपट्टीवरचे 45 जण अचानक आलेल्या वादळात एका रात्रीत बुडाले. त्यात इनिशबोफिनचे नऊ होते, आणि उत्तरेकडच्या इनिशकी बेटांवरचे दहा तरुण. त्यानंतर काही वर्षांत इनिशकीही रिकामं झालं.

इथेच माझी मोठी तक्रार. माहितीपत्रकात इनिशार्कवर उतरण्याचा ठळक उल्लेख होता, फोटोसकट. ‘हवामान अनुकूल असल्यास’ हे खाली, चष्मा लावूनही शोधावं लागेल अशा अक्षरांत. हवामान अनुकूल नव्हतं. त्यात कंपनीचा दोष नाही, पण जिथे माणसं राहू शकली नाहीत ती उतरता येत नव्हतं म्हणूनच, ते बेट जाहिरातीत हमखास ठिकाण म्हणून लावायचं? परत आल्यावर मी मेल केला, उत्तर आलं ते छापील. पुढच्या मोसमाच्या माहितीपत्रकात तोच फोटो आहे.

क्लेअर आयलंड मोठं आणि उंच आहे. नॉकमोर 462 मीटर. धक्क्यावरच ग्रेस ओमॅलीचा मनोरा. सोळाव्या शतकातली ही सरदारीण, स्वतःची गलबतं बाळगणारी. कॉनाख्ट या पश्चिम आयर्लंडमधल्या प्रांताचा इंग्रज गव्हर्नर बिंगहॅम यानं तिच्या मुलाला अटकेत टाकलं तेव्हा 1593 मध्ये ती थेट लंडनला ग्रिनिचच्या राजवाड्यात राणी एलिझाबेथला भेटायला गेली. आमच्या गटातल्या दोघी तिच्या नावाचे टी-शर्ट घालूनच आल्या होत्या. मठाच्या छोट्या चर्चमध्ये छतावर मध्ययुगीन रंगीत चित्रं आहेत, ती मात्र चुकवू नका. आत अंधार असतो, नजर सरावायला पाचेक मिनिटं द्या.

पण क्लेअरवरची खरी गंमत संध्याकाळची. ऊन तिरपं झालं होतं आणि गाइडनी आम्हाला एका उतारासमोर नुसतं उभं केलं. काय दिसतंय? कोणी म्हणालं गवत, कोणी मेंढ्या. ताईचं सासर निफाडला, कांद्याची शेती. ती मला म्हणाली, “अगं, हे वरंबे आहेत. सरी-वरंबा पाडलाय इथे कोणीतरी.” मी ते इंग्रजीत सांगितलं तर गाइडनी टोपीच काढली.

बटाट्याचे वरंबे होते. उतारावर नांगर चालत नाही, म्हणून सगळं फावड्यावर. गवतावरच समुद्राचं शेवाळ खत म्हणून पसरायचं, त्यावर बेण्याचे बटाटे, आणि दोन्ही बाजूंची माती गवतासकट उलटी करून त्यांच्यावर घालायची. बाजूच्या सऱ्यांतून पाणी निघून जातं. आज जिथे मेंढीही जपून चालते तिथवर हे वरंबे गेलेत, कारण 1845 च्या दुष्काळाआधी या बेटावर सोळाशेच्या आसपास माणसं होती आणि पोट बटाट्यावर. मग बटाट्यावर करपा आला. आज तिथे दोनशेही नाहीत. ताईनं विचारलं, “हे सगळे दुष्काळातलेच का?” गाइड म्हणाले, नाही, बरेचसे नंतरही वापरात होते, प्रत्येक वरंब्याला दुष्काळ चिकटवू नका. ते उत्तर मला फार आवडलं. पुढे 1895 मध्ये सरकारी मंडळानं बेट विकत घेऊन जमिनीचं फेरवाटप केलं, त्या वेळची लांबच लांब दगडी भिंत अजून उभी आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या कडेनंच चाललो. त्यानंतर आजतागायत मी इंग्लंडातल्या डोंगरांवरही संध्याकाळी थांबून उतार न्याहाळते. नवरा पुढे निघून गेलेला असतो.

आता कामाच्या गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. भारतातून येणाऱ्यांच्या युकेच्या व्हिजिटर व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडलाही जाता येतं, पण आधी युकेत उतरावं लागतं. ताई तशीच आली.

शाकाहारी असाल तर रोजचं सूप आणि ब्राउन ब्रेड गृहीत धरा. ब्रेड उत्तम, पण सूप कशाच्या पाण्यात केलंय ते रोज विचारावं लागतं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, “ताई, गुडघा कसा आहे?” तर म्हणे, “गुडघा ठीक आहे, जीभ वैतागली.” तिनं आणलेली शेंगदाण्याची चटणी मग गटात फिरली आणि स्कॉटिश जोडप्यानं संपवली.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि खरोखर वॉटरप्रूफ हवेत. छत्री नेऊ नका, वारा मोडतो. पावसाळी पँटवर पैसे घाला. माझी स्वस्तातली तिसऱ्या दिवशी शिवणीतून गळायला लागली, नंतर घेतलेली अजून टिकून आहे. एकट्यानं जाणाऱ्यांना खोलीचे जादा पैसे पडतात आणि ते थोडेथोडके नाहीत. शेवटच्या प्रवासाला एक दिवस मोकळा ठेवा. आमची क्लेअरवरून निघायची बोट वाऱ्यामुळे अर्धा दिवस लांबली. त्याच दिवशी विमान असणाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

महिना जून चांगला. दहा-साडेदहापर्यंत उजेड, आणि इनिशबोफिनवर कॉर्नक्रेक हा पक्षी ऐकू येतो. दिसत मात्र नाही. गवतात बसून रात्रभर कर्र-कर्र करत राहतो. त्याच्यासाठी तिथले शेतकरी गवत उशिरा कापतात, आणि कापताना मधून कडेकडे येतात म्हणजे पिल्लांना पळायला वाट मिळते. ज्याची झोप सावध आहे त्यानं खिडकी बंद ठेवावी.

बुकिंग करताना कंपनीला एकच विचारा: गाइड कोण, आणि तो सगळा आठवडा सोबत असणार का. आमचे शेवटचे दोन दिवस, इनिश मोरवर, दुसराच तरुण गाइड दिला होता. गोड मुलगा, पण फोटो कुठून काढायचे एवढंच सांगायचा. पुढच्या वर्षी इनिशकीचा विचार आहे, आणि आधीचेच गाइड मिळाले तरच पैसे भरणार आहे.