पावती फाडणाऱ्या ताई आणि आमचे दुसरे सॉफ्टवेअर

नाना पेठेतील आमच्या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने देणगीदारांची आणि वसतिगृहातील मुलांची नोंदप्रणाली एरंडवण्यातील चार जणांच्या एका लहान कंपनीकडून करून घेतली. काम सात महिने चालले, खर्च पावणेदोन लाख रुपये आला आणि प्रणाली आता रोजच्या वापरात आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या उणिवाही लिहायच्या आहेत. शिवाय मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्यांच्या काम करण्याच्या रीतीविषयी.

हे आमचे पहिले सॉफ्टवेअर नव्हे. २०१९ मध्ये दुसऱ्या एका पुरवठादाराने विश्वस्तांशी दोन बैठका आणि लेखापाल या नात्याने माझ्याशी एक बैठक घेऊन सहा आठवड्यांत एक देखणी प्रणाली उभी करून दिली होती. तिच्या पावतीवर नावासाठी एकच रकाना होता. आमच्याकडे रविवारच्या उपासनेनंतर जी देणगी येते, तिच्यात पुष्कळदा तीन नावे असतात: पैसे मुलाचे, पावती दिवंगत आईच्या स्मरणार्थ आणि रक्कम घेऊन आलेली सून. पावती फाडणाऱ्या ताईंना हे पंधरा वर्षांपासून ठाऊक होते, परंतु त्यांना कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. त्या एकुलत्या रकान्यात ताईंनी रीतीप्रमाणे आईचे नाव लिहिले आणि वर्षाने, नेमक्या स्मृतिदिनी, त्या मुलाच्या मोबाइलवर आईच्या नावे संदेश गेला की आपल्या देणगीला वर्ष झाले, यंदाही आपली वाट पाहत आहोत. आमच्या चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांना त्या घरी जाऊन क्षमा मागावी लागली. त्यानंतर ती प्रणाली नावापुरती उरली. खरा व्यवहार पावतीपुस्तकात, वसतिगृह सांभाळणाऱ्या गृहमातांच्या वह्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालू राहिला.

नव्या कंपनीने दरपत्रक देण्याआधीच दोन अटी घातल्या. रोज नोंदी करणाऱ्यांपैकी एका व्यक्तीला प्रकल्पाची मालक म्हणून नेमावे आणि आठवड्यातील सहा तास तिला इतर कामांतून मोकळे केल्याचा लेखी ठराव कमिटीने करावा. त्या व्यक्तीच्या सहीवाचून कोणताही हप्ता मागायचा नाही, हे कलम त्यांनी आपणहून करारात घातले. कमिटीत या अटींवर बरीच घासाघीस झाली. बारावीपर्यंत शिकलेल्या बाईंनी संगणकाच्या कंत्राटावर सही करायची, हे काहींच्या पचनी पडेना, आणि माझ्या मनातही शंका नव्हती असे म्हणता येणार नाही. अखेर ठराव झाला आणि पावती फाडणाऱ्या ताईच मालक झाल्या.

त्यानंतर कंपनीचा एक तरुण सलग तीन रविवार पावतीच्या टेबलाशी ताईंच्या शेजारी नुसता बसून राहिला. अर्पणपेटीतील निनावी रक्कम मंडळीच्या म्हणजे चर्चच्या खात्यात आणि वसतिगृहाची देणगी ट्रस्टच्या खात्यात कशी वेगळी होते, कोणी तीन हजार रोख पुढे केले की ताई त्याला दोन हजारांवरील रोख देणगीला आयकराच्या ८०जी कलमाची सवलत नाही असे सांगून धनादेश कसा मागतात, हे सारे त्याने टिपून घेतले. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून सवलत मिळणाऱ्या देणगीदारांचा तपशील आयकर खात्याच्या फॉर्म १०बीडीमध्ये भरावा लागू लागला, तेव्हापासून आईचे नाव आणि मुलाचा पॅन यांची गल्लत निस्तरण्यात आमचा अख्खा मे महिना जात असे. गंमत अशी की कंपनीने निवडलेल्या सिव्हीसीआरएम या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रणालीत, जी २००५ पासून जगभरच्या संस्था वापरत आल्या आहेत, स्मरणार्थ देणगीची सोय आधीच आहे: पैसे एकाच्या नावावर, श्रेय दुसऱ्याच्या. तिला ‘सॉफ्ट क्रेडिट’ असे म्हणतात. ताईंनी शब्द बदलण्याच्या सोयीचा उपयोग करून पडद्यावर त्या जागी ‘स्मरणार्थ’ असे लिहून घेतले. जे घडवण्यासाठी आम्ही वेगळे पैसे मोजायला तयार होतो, ते तयारच होते. नेमका प्रश्न कोणता आहे हे सांगणारे माणूस तेवढे खोलीत हवे होते.

वसतिगृहाच्या बाबतीत तर हा फरक अधिकच ठळक दिसला. आमचे वसतिगृह शिरूर तालुक्यात आहे आणि तेथील बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडणीला जातात. दिवाळीच्या सुमारास ते गाव सोडतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या काळात फोन नंबरही पुष्कळदा बदलतो. माझ्या मसुद्यात ‘पालकांचा पत्ता’ असा एक रकाना होता. गृहमातांनी तो पाहताक्षणी विचारले, “हंगामातला की गावाकडचा?” मग गावचा पत्ता, साखर कारखान्याच्या तळाचा पत्ता, टोळीच्या मुकादमाचा नंबर आणि मूल आजारी पडल्यास गावातील कोणाला कळवायचे ते नाव, असे चार रकाने झाले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे. प्रायोजकांना मुलांची छायाचित्रे पाठवणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला ही बाब हलक्यात घेता येत नाही. ती संमती जून महिन्यात, आईवडील प्रवेशासाठी समोर बसलेले असतानाच घ्यायची, कारण नोव्हेंबरनंतर सही करायला कोणी भेटणार नाही, ही सूचनाही गृहमातांचीच.

मालकी म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार, हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळले. कंपनी आरंभी जो जे मागेल ते मान्य करीत गेली आणि मुलांच्या प्रवेशाचा अर्ज एकेचाळीस रकान्यांपर्यंत फुगला. ताईंनी गृहमातांसोबत एक दुपार बसून तो बावीसवर आणला. मुलाचा रक्तगट ठेवला, वडिलांचे शिक्षण काढून टाकले. अवघड प्रसंग पुढेच होता. मंडळीतील कोणी किती दिले याची उतरत्या क्रमाची यादी पाळकसाहेबांना हवी होती. घरभेटींचे नियोजन करायला ती बरी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ताईंनी शांतपणे सांगितले, “साहेब, भेटी कोणाच्या राहिल्यात त्याची यादी देते. रकमेची देणार नाही.” साहेब क्षणभर गप्प झाले आणि मग हसले. आज त्यांना भेटींची आणि प्रार्थनाविनंत्यांची नोंद दिसते, रक्कम दिसत नाही. विश्वस्तांनी नेमलेल्या सल्लागाराला हा नकार देता आला असता, असे मला वाटत नाही.

जुन्या याद्यांचे काम कंटाळवाणे होते, पण त्याविषयी थोडे लिहायला हवे. आमची १९९८ पासूनची देणगीदारांची यादी श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टंकलेली होती आणि आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना रफार व जोडाक्षरे जागोजागी विस्कटली. मंडळीतील दोन निवृत्त शिक्षिकांनी सुमारे अडीच हजार नावे ओळीने वाचून दुरुस्त केली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबलच्या भाषांतराची अक्षरजुळणी आणि छपाई तेथील स्त्रियांकडूनच करून घेतली होती, त्याची या निमित्ताने आठवण झाली, एवढेच.

आता उणिवा. दरपत्रकात आमच्या माणसांच्या वेळेचा हिशेब कोठेही नव्हता. ठरावातील सहा तास प्रत्यक्षात दहा-बारा झाले आणि ताईंचे पावतीचे काम वाटून घ्यायला आम्ही कोणाला नेमले नाही, म्हणून त्या कित्येक दिवस संध्याकाळी आठपर्यंत कार्यालयात बसल्या. यात कंपनीइतकाच दोष आमचाही आहे. अंतिम चाचणी त्यांनी मार्चअखेरीस ठेवली. तेव्हा एकीकडे आर्थिक वर्ष संपत होते आणि दुसरीकडे झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, तोंडावर होता. मंडळीचे कॅलेंडर आधी मागून घेतले असते तर हे टळले असते. सर्वांना सामील करून घेण्याच्या उत्साहात स्वयंपाकीणबाई आणि चालक यांनाही तीन बैठकांना बसवले, आणि त्यांचा त्या विषयाशी काडीचाही संबंध नव्हता. प्रशिक्षणाची पुस्तिका आली ती इंग्रजीत; ताईंनी आणि एका गृहमातेने मिळून तिच्या मराठीत सोळा पानी टिपा काढल्या आणि आज सगळे त्याच वापरतात.

इतर संस्थांना ही सेवा सुचवेन का, तर होय, पण कोणा कर्मचाऱ्याला खरोखर मोकळे करायची तयारी असेल तरच. तशी तयारी नसेल तर बाजारातील तयार पॅकेज घेतलेले बरे. ते निदान स्वस्त पडते.

रविवारी आजही टेबलावर कार्बनचे पावतीपुस्तकच असते, कारण उपासनेनंतरच्या गर्दीत तेथे नेट टिकत नाही. नोंदी सोमवारी सकाळी होतात आणि तो निर्णयही ताईंचाच. देखभालीचा वार्षिक करार येत्या जुलैत नूतनीकरणाला येतो आहे. कंपनीने पंधरा टक्के वाढ मागितली आहे आणि ताईंनी तो कागद माझ्याकडे पाठवण्याआधीच त्यावर पेन्सिलीने ‘पुस्तिका मराठीत द्या, मग बोलू’ असे लिहून ठेवले आहे.