वर्डप्रेसची पेजेस सांभाळताना: टक्क्याटक्क्यांची लिंक आणि बाकीचं बरंच काही

होस्टिंगच्या रिन्यूअलचं बिल आलं आणि डोकं सटकलं. पहिल्या वर्षीच्या जवळपास तिप्पट, वर १८ टक्के जीएसटी. फोन केला तर पलीकडून गोड आवाजात, "सर, तो ऑफर प्राइस होता." वर्डप्रेस, म्हणजे आमची साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, फुकट असतं हो, पण ते ठेवायची जागा फुकट नसते. पैसे भरावेत की साइट गुंडाळावी, या विचारात पावसाळ्यापासूनचं सगळं डोळ्यांसमोर आलं, तेच लिहितोय.

आम्ही पंचवटीत घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या यात्रेकरूंना देतो. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून साइट करून घेतली. आमचं सगळं काम पेजेसवर, म्हणजे जागच्या जागी राहणाऱ्या पानांवर; पोस्ट तारखेप्रमाणे लागतात. नवी पोस्ट आली की जुनी मागे जाते. दरपत्रक आणि 'नाशिक रोड स्टेशनवरून कसे यावे' मागे जाऊन कसं चालेल?

आता मुख्य दुखणं. पेजला मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता तयार करतं. ब्राउझरच्या पट्टीत तो झकास मराठीत दिसतो. तोच कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका: टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का... चार-पाच ओळी नुसता चिखल. सोलापूरच्या एका काकूंचा फोन आला, "अहो, तुमचा मोबाइल कुणी हॅक केलाय का? कसलीशी लिंक आलीय, मी काही उघडली नाही हं." बुकिंग गेलं ते गेलंच.

हे का होतं ते खोदून काढलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे संगणकाचं साठवणीचं छोटं माप). काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी धरायची. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्यासकट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं, आणि डेटाबेसमध्ये पत्त्यासाठी जागा २०० अक्षरांची. २२ चिन्हांत खेळ खलास! एकट्या 'त्र्यंबकेश्वर'ची चिन्हं १३, तिथेच ११७ अक्षरं गेली. आमच्या 'त्र्यंबकेश्वर दर्शनासाठी कसे जावे' या पेजचा पत्ता 'दर्शनासाठ' इथे तुटला. शेवटची वेलांटीसुद्धा बसली नाही.

उपाय साधा: स्लगच्या, म्हणजे पत्त्यातल्या पेजच्या नावाच्या, रकान्यात रोमन लिपीत छोटं नाव हाताने टाकायचं. पेजेसच्या यादीत 'क्विक एडिट'मधूनही होतं, पेज उघडायची गरज नाही. पण हे पेज पब्लिश करण्याआधी करा. साइट बनवणाऱ्या गृहस्थांनी माझी कटकट ऐकून सगळ्या पेजेसचे पत्ते एका बैठकीत बदलले आणि मला कळवलं नंतर. तोवर व्हिजिटिंग कार्डांवर जुन्या पत्त्याचे क्यूआर छापून झाले होते. स्कॅन केलं की 'पेज सापडलं नाही'.

इथे एक गोम आहे, जी मला कुणीच सांगितली नव्हती. पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवतं. पेजचा जुना स्लग ते नोंदवूनच ठेवत नाही. दुरुस्ती करायला सांगितलं तर गृहस्थ म्हणाले, "हे एएमसीत बसत नाही, वेगळा चार्ज पडेल." मग एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, बसतं तरी काय? शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारं 'रिडायरेक्शन' नावाचं फुकटचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून रात्री घरीच काम उरकलं. कार्डं वाचली.

ब्लॉक एडिटरबद्दल, म्हणजे पेजचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी रचायच्या सोयीबद्दल, मात्र मत बदललं. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेस ५.० सोबत आलेला हा प्रकार सुरुवातीला नकोसा झाला होता; परिच्छेद धरायला जावं तर भलतंच हलायचं. मग 'सिंक्ड पॅटर्न' सापडला. दरांचा तक्ता एकदाच बनवून प्रत्येक खोलीच्या पेजवर बसवला. आता एका जागी दर बदलला की सगळीकडे बदलतो. आधी एका पेजवर जुना भाव राहिला की गिऱ्हाईक बरोबर तोच दाखवून हुज्जत घालायचं. तो वैताग संपला.

पुतण्याला काम शिकवायला 'ऑथर' म्हणून खातं काढून दिलं, तर त्याला पेजेसचा मेनूच दिसेना. पेजेससाठी 'एडिटर' करावं लागतं. केलं, आणि पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी मोबाइलवरून तक्ताच उडवला. पेजची जुनी रूपं जपणाऱ्या 'रिव्हिजन्स'मध्ये जाऊन आदल्या दिवशीचं रूप परत आणलं. पेज डिलीट केलं तरी ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, त्यामुळे आता मी निवांत असतो.

होस्टिंगवाल्याला ते पैसे काही मी देणार नाही. स्वस्त जागा बघून ठेवली आहे, पण हलवतानाही एक पाहावं लागतं. वर्डप्रेसच्या 'एक्सपोर्ट'मधून निघणाऱ्या फाइलमध्ये मजकूर येतो, फोटो येत नाहीत, त्यांचे फक्त पत्ते येतात. नवी साइट ते फोटो जुन्या साइटवरून ओढून घेते, म्हणून जुनी चालू असतानाच हे उरकायला हवं. मुदत महिनाअखेरची आहे, या रविवारी बसतो.