बसस्टँडमागची अभ्यासिका: खुर्च्या ठीकठाक, रविवारचा तास मात्र पैसा वसूल

नाव लिहत नाही, तालुक्यातल्या पोरायले कळतेच कोणती ते. खाली खताचं दुकान अन वर हॉल. महिन्याचे ६०० रुपये, लॉकर पाहिजे असन तर शंभर वेगळे, सकाळी सहाले उघडते अन रात्री अकराले कुलूप. प्लायचे पार्टिशन टाकून खोपटे केले आहेत, खुर्च्या बऱ्या आहेत. लाईन गेली तर इन्व्हर्टरवर लाईट-पंखे चालतात पण कूलर नाही चालत, अन एप्रिलनंतर दुपारी तिथं बसलं की घामानं प्रॅक्टिसची ओएमआर शीट कोपराले चिकटून येते. बाथरूम एकच, पोरी-पोरं सगळ्यायले मिळून, हे काही बरोबर नाही, मालकाले कितीदा सांगतलं तर म्हणते करून टाकू. वायफाय बोर्डावर लिहिलं आहे, बोर्डावरच आहे.

एवढ्यावर तीन स्टार. चौथा रविवारच्या तासाचा.

रविवारी दहा ते बारा चालू घडामोडी, फीमध्येच. सर स्वतः राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत जाऊन आलेले, त्यामुळं मासिकातले वन-लाइनर वाचून दाखवत नाहीत, एकच विषय घेतात अन सोलून काढतात. मधात त्यायनं चीन घेतलं होतं, शहरातली शिकलेली पोरं सरकारी नोकरीच्या मागं काहून लागली म्हणून. मले वाटलं आपल्याले काय करायचं, पण दोन तास कोणी मोबाईल नाही काढला.

तिथं केंद्राची परीक्षा असते, गुओकाओ. ३० नोव्हेंबर २०२५ ले झाली, जागा ३८,१०० अन छाननीत पास झालेले अर्ज ३७ लाखांच्या वर, म्हणजे एका जागेमागं ९८ जण. मागच्या बाकावरून आवाज आला, बस एवढेच? कारण २०२३ च्या आपल्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांले १० लाखांच्या वर अर्ज होते, फी ओपनले हजार रुपये. मंग सरायनं चीनच्या परीक्षेतल्या वयाच्या मर्यादेचं सांगतलं. आधी ३५ होती, आता ३८ केली, अन नुकतेच एमए-पीएचडी झालेल्यांले ४३. आख्खा हॉल हसला, राज्यसेवेत आपल्या ओपनले ३८ अन मागासवर्गीयांले ४३च आहे ना बाप्पा.

सरायचं म्हणणं असं पडलं की चीनमध्ये राजाच्या काळापासून परीक्षा देऊन अधिकारी व्हायची पद्धत, १९०५ मध्ये बंद झाली पण रक्तात राहिली. मले हे पटलं नाही अन मी तासातच बोललो. रक्तातच असतं तर १९९२ नंतर तिथले कितीतरी सरकारी बाबू नोकरी सोडून धंद्यात काहून उतरले असते? अन नंतरच्या काळात हुशार पोरगं अलीबाबा, टेन्सेंटसारख्या टेक कंपनीत जायचं, सरकारी हापिसात नाही. मंग झालं काय तर २०२१ मध्ये सरकारनं शाळेच्या विषयांच्या खाजगी शिकवण्यांचा नफ्याचा धंदा बंद केला, घरबांधणीतल्या मोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या, टेक कंपन्यायनं माणसं काढली. उरले त्यायले सकाळी नऊ ते रात्री नऊ, हप्त्याचे सहा दिवस, अन पस्तिशी ओलांडली की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. जून २०२३ मध्ये शहरातली १६ ते २४ वयाची बेरोजगारी २१.३ टक्के निघाली, तर सरकारनं तो आकडा छापणंच काही महिने बंद केलं, अन परत सुरू केला तवा शिकत असलेले विद्यार्थी त्यातून वगळले. सर म्हणे हे लिहून घ्या. सगळ्यायनं लिहिलं.

सर चिडले नाहीत हे मले आवडलं. उलट पुढची गोष्ट त्यायनंच जोडली, की पगार काही फार नाही, जमीन विकून स्थानिक सरकारायले पैसा यायचा तो आटला तशी कुठं कुठं बाबूंच्या बोनसले कात्री लागली, तरी पोरं जातात, कारण काढून टाकत नाहीत. अन बीजिंगमध्ये केंद्राची पोस्ट भेटली तर तिथला हुकोऊ, म्हणजे रहिवासी नोंद भेटू शकते, ज्यावर लेकराची शाळा ठरते. लग्नाच्या बाजारातही भाव. हे ऐकून आमच्या इथल्या एका पोरीनं, एरवी तोंड न उघडणारीनं, इचारलं की सर, त्यायची कंपनी बंद पडली म्हणून ते इकडं वळले, आपल्या तालुक्यात कंपनी आलीच कवा? एमआयडीसीच्या प्लॉटवर तर बाभळी आहेत. मले वाटते दोन्हीकडचा फरक एवढाच अन पुरा हाच आहे, त्यायच्या समोर दुसरा दरवाजा होता अन तो लागला, आपण पहिल्यापासून एकाच दरवाज्यापाशी रांगेत. सरायनं त्यावर मुलाखतीत कसं बोलायचं ते सांगून विषय आवरला, तिथं अजून पंधरा मिनिटं पाहिजे होती.

तिकडंही शहरात पैसे भरून बसायच्या अभ्यासिका निघाल्या आहेत म्हणे, पार्टिशन अन लॉकरवाल्या. कूलर चालत असन त्यायचा.

ज्यायले सीट घ्यायची आहे त्यायनं खिडकीकडची घेऊ नका, दुपारभर खताचा वास वर येते, जिन्याजवळची मागा. बाहेरच्या पोरायले रविवारच्या तासाले ५० रुपयांत बसू देतात, आधी एक रविवार बसून पाहा अन मंगच महिन्याचे भरा. पोरींनी बाथरूमचं आधी पाहून घ्या.