नमुना ब्युटिलचा, माल डांबराचा

ज्यांच्या जुन्या थारला किंवा जिप्सीला बाहेरून बनवून घेतलेला फायबरचा हार्डटॉप आहे आणि त्याला आतून घरच्या घरी डॅम्पिंग शीट, म्हणजे कंपन आणि आवाज मारणारी चिकट शीट चिकटवायचा ज्यांचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सध्या एक धंदा जोरात आहे. दाखवायचं ब्युटिल रबर आणि खोक्यात भरायचं डांबर. मला ते पुण्याच्या एका विक्रेत्याने विकलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत कळली तरी पुरे.

माझी थार 2020 च्या आधीची, म्हणजे कंपनीतून कापडी टप घेऊन आलेली. जळगावच्या मे महिन्यात कापडाखाली एसी नुसता डिझेल पितो, म्हणून फायबरचा टप बसवला. बोल्ट काढले की चार जणांनी उचलून बाजूला ठेवता येतो. पण आतून उघडं फायबर म्हणजे दुपारी डोक्यावर तापलेला तवा, आणि हायवेला वेग घेतला की असा घुमतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

विक्रेत्याच्या व्हिडिओत एक पत्रा टांगलेला होता. हातोडी मारली की ठण्ण. त्याच पत्र्याला शीट लावून मारली की नुसतं ठप्प. यात खोटं काही नाही. पत्रा आणि वरची ॲल्युमिनियम फॉइल यांच्यामध्ये चिकट थर ताणला-घसटला जातो, कंपनाची उष्णता होते आणि आवाज मरतो. खोटेपणा पुढे आहे. आपला टप पत्र्याचा नाहीच. फायबर मुळात पत्र्यासारखं वाजत नाही. हार्डटॉपमधला बराचसा आवाज टप पुढच्या काचेच्या चौकटीवर जिथे टेकतो त्या फटीतून आणि दारांच्या रबरातून आत येतो, आणि शीट कितीही जाड लावली तरी फट बुजत नाही. मी स्पष्ट विचारलं होतं, फायबरला उपयोग होईल का? ‘सर, फायबरला तर डबल रिझल्ट,’ हे उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी पडलंय.

त्याने कुरिअरने नमुना पाठवला. तळहाताएवढा तुकडा, फॉइल जाड, नखाने ओरखडा उठत नव्हता, वास नाही. उत्तम माल होता, आजही म्हणेन. साडेअठरा हजार रुपये यूपीआयने गेले. शीटच्या दोन खोक्यांबरोबर ‘क्लोज्ड सेल नायट्रिल फोम’चा, म्हणजे बंद पेशींच्या रबरी फोमचा रोलही येणार होता. पक्कं बिल मागितलं होतं, ते ‘मालासोबत येईल’. आली ती ‘एस्टिमेट’ छापलेली चिठ्ठी. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक नाही, मालाचं नाव नाही, फक्त ‘शीट, बॉक्स 2’ आणि ‘फोम, रोल 1’.

फेब्रुवारीत टप खाली उतरवून काम केलं. थंडीत ब्युटिल आणि डांबर दोन्ही चिकटतात, त्यामुळे तेव्हा काही कळत नाही. एप्रिल सरता सरता गाडीत बसलं की नवीन रस्त्याचा वास यायला लागला. मग एका दुपारी मागच्या सीटच्या कव्हरवर काळा ठिपका दिसला. बोट लावलं तर तार निघाली. वर पाहिलं तर शीटच्या कडेने काळे ओघळ, फॉइल पोट सुटल्यागत खाली लोंबलेली आणि एका टोकाला धरून ओढली तर चॉकलेटच्या कागदासारखी टर्रकन फाटली. साधं डांबर पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हात उभ्या गाडीचा टप त्याच्या कितीतरी वर जातो. गच्चीची गळती बुजवायला मिळते तीच ही पट्टी, वर गाडीचं चित्र छापलेली.

सगळ्यात जास्त त्रास बोल्टांनी दिला. डांबर ओघळून टपाच्या कडेच्या भोकांत उतरलं होतं, आटे भरून गेले होते. पान्याला मिठी मारून बसलेला एकेक नट रॉकेलच्या चिंध्यांनी पुसत सोडवला. पुढे लाकडी पट्टीने खरवडत बसलो, कारण लोखंडी पत्ती लावली तर फायबरचा वरचा थर जातो. ज्या टपाची मजाच काढता-घालता येण्यात आहे, तो गाडीला चिकटवून टाकणारी वस्तू विकायला डोकं लागतं!

फोमची गत वेगळी नव्हती. नायट्रिल म्हणून आलेला रोल साधा स्पंज निघाला. एक तुकडा रात्रभर बादलीत विटेखाली दाबून ठेवला आणि सकाळी पिळला, तर पेलाभर पाणी निघालं. खऱ्या बंद-पेशींच्या फोममध्ये पाणी शिरत नाही. हा स्पंज जूनमध्ये टपाला चिकटलेला असता तर दिवाळीपर्यंत आत बुरशी.

फोन केल्यावर ठरलेली उत्तरं आली. रोलर नीट फिरवला नसेल, पृष्ठभाग पुसला नसेल, तुमच्याकडे ऊनच जास्त आहे. मी नमुन्याचा तुकडा आणि खोक्यातला तुकडा शेजारी ठेवून व्हिडिओ काढला. दोन्ही फ्रीझरमधून काढून वाकवले. नमुना रबरासारखा वळला, खोक्यातला कडकन मोडला. तो व्हिडिओ पाठवल्यावर उत्तरं बंद झाली. खोकं हातात पडलं की एक शीट अशी फ्रीझरमध्ये टाका, दुसरी पत्र्यावर उभी चिकटवून गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवा. बाकीच्यांचं सील तोवर फोडू नका.

टपाचं काम आता वेगळ्या वाटेने झालंय. आधी चौकटीची आणि दारांची फट बुजवणारी रबरं (ईपीडीएम नावाच्या रबराची) बदलली, आणि निम्म्याहून जास्त आवाज तिथेच गेला. मग एसीच्या डक्टचं सामान विकणाऱ्याकडून नायट्रिल रबराची 13 मिलिमीटरची शीट आणली. ऊन त्याने अडतं आणि टप जडही होत नाही. गाडीचं चित्र छापलेलं नसल्यामुळे ती स्वस्तही पडते.

तक्रार आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. तिथून फक्त मध्यस्थी होते, विक्रेत्याने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वतःच्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यासाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दावा लावायची मुदत दोन वर्षांची. नोटीस पोचल्यावर त्याने निरोप पाठवलाय, अर्धे पैसे घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलंय. त्याच्याकडून अशीच ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी आणखी कुणाला मिळाली असेल तर ती, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरचं कुरिअरचं लेबल जपून ठेवा. शीटचा एक न वापरलेला तुकडाही ठेवा, तपासणीला लागतो.