लॉरडॅन की डीपीएच? लिपिड पटलाची अवस्था मोजायला निघालेल्यांसाठी

लिपिडचं पटल घट्ट जेलमधून प्रवाही अवस्थेत कुठल्या तापमानाला जातं, हे प्रतिदीप्तीने मोजायचं ठरलं की निवड बहुधा लॉरडॅन आणि डीपीएच या दोन प्रोबमध्ये, म्हणजे पटलात मिसळायच्या प्रतिदीप्त रेणूंमध्ये, होते. फ्लुओरोमीटरला (प्रतिदीप्ती मोजणाऱ्या यंत्राला) पोलरायझर, म्हणजे डीपीएचसाठी लागणारे ध्रुवीकरणाचे फिल्टर, नसतील तर प्रश्नच मिटला, लॉरडॅन घ्या. पोलरायझर असले तरी सुरुवात लॉरडॅननेच करा, असं माझं ठाम मत आहे.

लॉरडॅन पटलाच्या पृष्ठभागाजवळ बसतं आणि तिथे किती पाणी शिरलंय ते सांगतं. जेलमध्ये पाणी कमी, म्हणून उत्सर्जन ४४० नॅनोमीटरजवळ. पटल सैलावलं की ते ४९० कडे सरकतं. या दोन तीव्रतांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की जीपी (जनरलाइज्ड पोलरायझेशन) हा आकडा मिळतो. हे गुणोत्तर असल्याने प्रोब थोडा कमीजास्त पडला तरी आकडा फारसा हलत नाही.

डीपीएच आत, लिपिड रेणूंच्या शेपट्यांमध्ये असतं. ते किती मोकळेपणी हलतं हे अॅनिसोट्रॉपीवरून (उत्सर्जित प्रकाशाचं ध्रुवीकरण किती टिकलं त्या मापावरून) कळतं, म्हणून शेपट्यांची शिस्त हाच प्रश्न असेल तर डीपीएचला तोड नाही. मात्र जी-फॅक्टर (यंत्र दोन ध्रुवीकरणांना वेगवेगळा प्रतिसाद देतं त्याची दुरुस्ती) काढावाच लागतो, आणि नमुना दुधाळ असेल तर प्रकाश विखुरून अॅनिसोट्रॉपी चुकीची येते. लिपिड विरळ ठेवा.

नागपुरात खरी कसोटी तापमानाची. डीएमपीसी या लिपिडचं जेलमधून प्रवाही अवस्थेत संक्रमण २४ अंशांच्या आसपास, डीपीपीसी या लिपिडचं ४१ ला. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. एसी नसलेल्या खोलीत टेबलावरचं डीएमपीसी तेव्हा पूर्ण प्रवाही असतं आणि डिसेंबरच्या सकाळी तेच जेल. त्यामुळे नोंदवहीत नुसतं ‘रूम टेम्परेचर’ लिहून भागत नाही. चिलर नसेल तर उन्हाळ्यात डीपीपीसीच निवडा. ३० ते ५० अंश साध्या वॉटर बाथवर जमतं, फक्त खोली तिशीखाली ठेवा. ४१ च्या आजूबाजूला अर्ध्या-अर्ध्या अंशाने चढा, दर टप्प्याला थांबा आणि तापमान बाथच्या डिस्प्लेवरून न घेता क्युव्हेटमध्येच (नमुन्याच्या पारदर्शक पात्रात) मोजा. पावसाळ्यात डीएमपीसीसाठी १५ अंशांपर्यंत उतरलात तर क्युव्हेटच्या बाहेरून दव धरतं आणि तीव्रता कोसळते. होल्डरमधून कोरडा नायट्रोजन सोडा.

क्युव्हेटमध्ये दोन्ही प्रोब संपूर्ण नमुन्याची सरासरीच देतात. कोलेस्टेरॉल असलेल्या मिश्रणात दोन अवस्था शेजारी शेजारी नांदतात का, हे पाहायचं असेल तर महाकाय व्हेसिकल्स (लिपिड पटलाचे मोठे पोकळ गोळे) आणि सूक्ष्मदर्शक लागेल. तिथे दिवा मंद ठेवा: प्रखर प्रकाशाने लिपिडचं ऑक्सिडीकरण होऊन मुळात नसलेले ठिपकेही उमटतात.